पृथ्वी थंड करायची आयडिया आली की तिचा हिशोब कसा लावायचा (सोलापूरच्या उन्हात बसून)

मार्च संपला की आपल्याकडं पारा ४० च्या पुढं जातो, मे मध्ये ४३-४४ म्हणजे काय नवीन राहत नाही, आणि बरोबर त्याच टायमाला मोबाईलवर फॉरवर्ड सुरू होतात. "शास्त्रज्ञ आता सूर्यप्रकाशच अडवणार", "हवेतला कार्बन ओढून घेणारं मशीन आलं", "समुद्रात लोखंड टाकलं की विषय संपला". मग ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एकीला वाटतं झालं, आता एसी घ्यायची गरज नाही, दुसरी म्हणते सगळा कट आहे, विमानामागच्या पांढऱ्या रेषा बघा. दोघांपैकी कुणीही कॅल्क्युलेटर उघडत नाही.

तर हे त्यासाठी लिहितोय. अशी एखादी आयडिया समोर आली की ती कशी तपासायची, कुठले आकडे डोक्यात ठेवायचे, कुणाला काय विचारायचं. आणि शेवटी आपल्या स्वतःच्या गच्चीवर जे खरंच करता येतं ते कसं करायचं, ते पण आहे. घाई असेल तर सरळ खाली गच्चीवर जा, चालतंय.

आधी खाना ठरवा

कुठलीही आयडिया असू द्या, ती दोनपैकी एका खान्यात बसते. एक म्हणजे ऊन कमी करणारी, म्हणजे सूर्याकडून येणारी उष्णता जमिनीवर पोचायच्या आधी थोडी परत पाठवायची. दुसरी म्हणजे कार्बन काढणारी, हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढून कुठंतरी कायमचा गाडायचा. बातमीत हे दोन्ही एकत्र कालवलेलं असतं म्हणून लोकांचा गोंधळ होतो. पहिला प्रकार स्वस्त आणि झटपट असतो, पण कार्बन आहे तिथंच राहतो, समुद्र आम्लधर्मी होत चाललाय तो होतच राहतो. दुसरा प्रकार मूळ दुखण्यावर आहे पण महाग आणि लई हळू.

(विमानामागच्या रेषांचा विषय इथंच संपवतो. प्रवासी विमान १०-१२ किलोमीटरवर उडतं, इंजिनातून निघालेली वाफ तिथल्या थंडीत गोठते, ती रेष. सूर्यप्रकाश अडवायच्या ज्या योजना आहेत त्यांना साधारण २० किलोमीटरवर जावं लागतं आणि एवढ्या उंचीवर एवढा माल रोज नेणारी विमानं अजून बनलेलीच नाहीत. काकांना हे एकदा शांतपणे सांगा.)

चार-पाच आकडे पाठ करा

सूर्याकडून पृथ्वीला सरासरी चौरस मीटरला ३४० वॅट मिळतात, दिवस-रात्र, ध्रुव-विषुववृत्त सगळं धरून. त्यातले सुमारे ३० टक्के ढग, बर्फ, वाळू यांच्यावरून परत जातात. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागात २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय. हा आकडा २८० च्या दुप्पट झाला तर जास्तीची उष्णता चौरस मीटरला ३.७ वॅटच्या आसपास अडकते. आणि माणसं वर्षाला साधारण ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, जंगलतोड धरून.

एवढ्यावर बराच हिशोब होतो. ३४० मधले ३० टक्के गेले की २३८ उरतात, त्यात ३.७ म्हणजे दीड टक्क्याच्या थोडं वर. म्हणजे दुप्पट कार्बनची उष्णता झाकायला सूर्यप्रकाश फक्त दीड-पावणेदोन टक्के कमी करायचा. ऐकायला किरकोळ वाटतंय ना? म्हणूनच ही आयडिया लोकांना इतकी भुरळ घालते.

सूर्य झाकायच्या योजनेला काय विचारायचं

सगळ्यात गंभीरपणे ज्याच्यावर बोललं जातं ती योजना म्हणजे वर, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये (ढग-पावसाच्या वरचा हवेचा थर), सल्फर डायऑक्साइड सोडायचा, त्याचे बारीक कण होतात आणि ते ऊन परतवतात. रशियन हवामानशास्त्रज्ञ बुडिको यांनी १९७४ मध्ये हे मांडलं होतं, पण चर्चा खरी पेटली २००६ मध्ये, ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झेन यांनी यावर लेख लिहिला तेव्हा. आणि याचा पुरावा कुठल्या लॅबमधला नाही, निसर्गानेच करून दाखवलाय. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आलं.

म्हणजे काम करतंय, यात वाद नाही. हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलांच्या हिशोबाने १ अंश खाली आणायला वर्षाला साधारण १ कोटी टन लागेल. लोक लगेच विचारतात, मग जगभरातल्या कारखान्यांतून, कोळशाच्या चिमण्यांतून याच्या कित्येक पट सल्फर निघतोच की, त्याने का नाही थंड होत? होतं थोडं, पण तो खालच्या हवेत राहतो आणि आठवड्याभरात पावसाने धुतला जातो, २० किलोमीटरवर पाऊसच नसतो म्हणून तिथं तो वर्षभर टिकतो. सगळी जादू उंचीची आहे.

आता पहिला प्रश्न: थांबवलं तर काय? हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचाच. सल्फरचे कण वर्ष-दोन वर्षात खाली येतात, कार्बन शेकडो वर्षं राहतो. समजा ४० वर्षं फवारणी चालू ठेवली, खाली कोळसा जाळणं पण चालू ठेवलं, आणि मग युद्ध झालं, पैसा संपला, सरकार बदललं आणि विमानं जमिनीवर बसली, तर ४० वर्षांची दाबून ठेवलेली गरमी दहा-एक वर्षांत अंगावर येते. एका पायाने ॲक्सिलरेटर दाबत दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यासारखं आहे हे, ब्रेकवरचा पाय घसरायचा अवकाश. म्हणून ज्या योजनेत "किती वर्षं चालवायचं आणि बंद कसं करायचं" हे लिहिलेलं नसतं ती योजना अर्धीच आहे असं समजा. शिवाय सल्फरमुळे ओझोनच्या थराला इजा होते आणि आकाशाचा निळा रंग फिका पडतो, हे पण हिशोबात धरा.

दुसरा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात मोठा, आणि तो म्हणजे पाऊस. इथं जरा थांबतो मी.

मान्सून येतो कारण उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. ऊन कमी केलं की जमीन कमी तापते, समुद्रातलं बाष्पीभवनही कमी होतं, म्हणजे तापमान जुन्या जागी आणलं तरी पाऊस जुन्या जागी येईलच असं नाही, सरासरी तो थोडा कमीच होतो. पिनाटुबोनंतर १९९२ मध्ये जगभरात जमिनीवरचा पाऊस घटलेला नोंदवलाय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कण कुठल्या गोलार्धात सोडले याने फरक पडतो. फक्त उत्तरेला सोडले तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडं सरकतो, हे २०१३ मधल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या अभ्यासात आलं, आणि त्यात आफ्रिकेच्या साहेल भागात दुष्काळ दिसला. एकाने स्वतःच्या देशाची उष्णता कमी करायला बटण दाबायचं आणि तिसऱ्याचं पीक जायचं, असा हा प्रकार होऊ शकतो.

सोलापूरकराने म्हणून प्रश्न असा विचारायचा: आमच्या सप्टेंबर-ऑक्टोबरचं काय? वर्षाच्या एकूण पावसाचा आकडा दाखवून कुणी समाधान करायला आलं तर ऐकू नका. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी जी येते ती परतीच्या पावसाने काळ्या रानात जी ओल धरते त्याच्यावर. जूनमध्ये ५० मिलिमीटर जास्त आणि सप्टेंबरात ५० कमी, तर कागदावर बेरीज तीच, पण रब्बी गेली. आणि ज्या मॉडेलांवर हे सगळं बघतात त्यातल्या बऱ्याच मॉडेलांची एक चौकट शंभरेक किलोमीटरची असते, म्हणजे सोलापूर आणि विजापूर एकाच चौकटीत. त्या मॉडेलला तुमच्या तालुक्याचं काय विचारता!

आपल्याकडं यावर काम होत नाही असंही नाही. बंगळुरूच्या आयआयएससीमधले (भारतीय विज्ञान संस्था) गोविंदस्वामी बाला हे २००० सालापासून ऊन कमी करण्याच्या परिणामांवर मॉडेलिंग करतायत, या विषयातल्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक त्यांचा आहे. भारतासारख्या देशाने स्वतःची माणसं तयार ठेवणं मला तरी गरजेचं वाटतं, नाहीतर उद्या दुसऱ्यानं आणून दिलेल्या नकाशावर सही करायची वेळ यायची.

सोलापूरवर झालेला प्रयोग, जो सगळ्यांनी वाचायला हवा

आता तुम्ही म्हणाल ढगात बी पेरलं ते काय होतं मग. बरोबर, आपल्याकडं झालंय ते. पुण्याच्या आयआयटीएमने (उष्णदेशीय हवामानवाली संस्था) २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर केंद्र धरून कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, कायपीक्स नावाच्या मोहिमेतला चौथा टप्पा. आपण पर्जन्यछायेत, ढग येतात आणि न बरसता पुढं जातात, म्हणून जागा आपली निवडली. विमानाने ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइड नावाच्या क्षाराच्या फ्लेअर (धूर सोडणाऱ्या नळकांड्या) जाळायच्या, ते कण पाणी ओढून घेतात, थेंब मोठे होतात, पडतात.

हे पृथ्वी थंड करणं नव्हे, काही तासांचा आणि काही किलोमीटरचा खेळ आहे. पण हा प्रयोग मी इथं आणतोय तो त्याच्या पद्धतीसाठी. त्यांनी २७६ ढग घेतले आणि कुठल्या ढगात बी टाकायचं, कुठला तसाच सोडायचा हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं. मग रडार आणि पर्जन्यमापकांवरून दोन्ही गटांची तुलना. त्यातून आलं की बी टाकलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटर भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडला. काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. हा निकाल छापून आला २०२३ मध्ये. म्हणजे ढगासारखी डोळ्यासमोरची गोष्ट, शेकड्याने उपलब्ध, विमान हाताशी, रडार उभं, तरी "१८ टक्के" एवढं खात्रीनं बोलायला इतकी वर्षं लागली. आणि ढगच नसतील तर काहीच होत नाही, हे पण त्यातच आलं. दुष्काळात विमान फिरवून पाऊस पाडू म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता हीच चाचणी सूर्य झाकायच्या योजनेला लावून बघा. बी न टाकलेली दुसरी पृथ्वी कुठून आणणार तुलनेला? फवारणीनंतरच्या वर्षी आपल्याकडं दुष्काळ पडला तर तो फवारणीमुळे, एल निनोमुळे, का नेहमीसारखाच, हे ठरवायला कोण बसणार आणि नुकसानभरपाई कोण देणार? कुठल्याही योजनेच्या मागे "तुलना कशाशी करणार" एवढा एक प्रश्न लावला की निम्मी हवा निघून जाते.

बाकीचे ऊन-कमी प्रकार पटकन उरकतो. समुद्रावरच्या ढगांत मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा मारून ते जास्त पांढरे करायचे, ही जॉन लॅथम यांची १९९० ची कल्पना, ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर प्रवाळ वाचवायला याच्या छोट्या चाचण्या झाल्यात. यातला गमतीचा भाग असा की जहाजांच्या धुरानं हे नकळत होतच होतं, २०२० पासून जहाजांच्या इंधनातला सल्फर ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आणला आणि समुद्रावर जहाजांमागे उमटणारे ढगांचे पट्टे कमी झाले. हवा साफ झाली आणि थोडी सावली गेली. अंतराळात आरसे हा प्रकार ऐकायला भारी आहे. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य एल१ यान जिथं जानेवारी २०२४ मध्ये पोचलं, १५ लाख किलोमीटरवर, त्याच्या आसपास बारीक बारीक चकत्यांचा थवा उभा करायचा, असा रॉजर एंजल यांचा २००६ चा प्रस्ताव आहे, वजन सगळं मिळून साधारण २ कोटी टन. आपलं एलव्हीएम३ रॉकेट पृथ्वीजवळच्या कक्षेतच ८ टन नेतं. २ कोटी भागिले ८ करा आणि पुढची बातमी वाचा.

कार्बन काढायची योजना: तिला होटगीच्या चिमणीवर मोजा

इथं माझी युक्ती सोपी आहे. बातमीत आकडा येतो "वर्षाला ३६,००० टन कार्बन शोषणार" असा, आणि तो मोठा का छोटा हे कळत नाही, तर त्याला आपल्या ओळखीच्या गोष्टीवर मोजायचं. आपल्या दक्षिण सोलापूरात, होटगीजवळ, एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा कोळशाचा प्लांट आहे. फुल लोडवर चालला तर २४ तासांत ३ कोटी १७ लाख युनिट. कोळशाच्या एका युनिटला साधारण ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. म्हणजे दिवसाला २८,५०० टन. हे आपलं माप. याला मी "एक चिमणी-दिवस" म्हणतो.

आता ते ३६,००० टनवालं मशीन, आइसलँडमधला क्लाइमवर्क्स कंपनीचा मॅमथ प्लांट, मे २०२४ मध्ये सुरू झाला, हवेतून थेट कार्बन ओढणाऱ्या जगातल्या मोठ्या प्लांटपैकी एक. त्याची वर्षाची कागदावरची पूर्ण क्षमता म्हणजे आपला सव्वा चिमणी-दिवस. तीस तास. वर्षभर मशीन चालवून सोमवारी सकाळपासून मंगळवार दुपारपर्यंतचं निपटलं. मशीन वाईट आहे असं नाही हो, पण त्याच्या भरवशावर चिमणी चालू ठेवायची म्हणणाऱ्याला हे माप दाखवा.

आइसलँडची दुसरी गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. ते कार्बन पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडतात आणि त्याचा दगड होतो, २०१६ मध्ये छापलेल्या निकालात दोन वर्षांच्या आत ९५ टक्के दगड झाला होता. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, आपल्याकडचं बहुतेक दख्खनचं पठार त्याचंच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मग आपल्याकडं का नको? कारण एक टन कार्बन डायऑक्साइडला साधारण २५ टन पाणी लागतं त्या पद्धतीत. एका चिमणी-दिवसाला ७१ कोटी लिटर. उजनी धरण उशाला असून ज्या शहरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथं हे बोलायची हिंमत ज्याची असेल त्याने बोलावं.

बेसाल्टचाच दुसरा उपयोग म्हणजे त्याची भुकटी करून शेतात टाकायची, पाऊस आणि मातीतला कार्बन त्याच्याशी मिसळून विरघळतो आणि शेवटी समुद्रात जाऊन हजारो वर्षं अडकतो. यावर भारतात काम करणाऱ्या माटी कार्बन कंपनीला २०२५ मध्ये एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं बक्षीस मिळालं, छत्तीसगडसारख्या भातपट्ट्यात त्यांचं काम आहे. आपल्या खडी क्रशरवर पडलेली डस्ट बघून लगेच डोक्यात येतं की अरे हे तर फुकट आहे. थांबा, माप लावा. एक टन बेसाल्ट पूर्ण विरघळला तर जास्तीत जास्त ०.३ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतो, म्हणजे एका चिमणी-दिवसाला ९५,००० टन भुकटी, २० टनाच्या हायवा धरल्या तर पावणेपाच हजार गाड्या, रोज. आणि विरघळायला वर्षं लागतात, ते पण उष्ण, ओल्या आणि थोड्या आम्लधर्मी मातीत लवकर. आपली काळी माती मुळात त्याच दगडाची, अल्कधर्मी, चुनखडीची, वर पाऊस कमी. म्हणून कोकणातल्या किंवा छत्तीसगडच्या भाताला जे चालेल ते मोहोळच्या रानात तसंच चालेल असं धरू नका. क्रशरची डस्ट आणून टाकायच्या आधी माती परीक्षण करा आणि डस्टमध्ये जड धातू किती आहेत ते पण तपासून घ्या. कार्बन क्रेडिटचे (कार्बन अडवल्याचा विकता येणारा दाखला) पैसे देतो म्हणत कुणी कागद घेऊन आला तर एकच विचारा, किती कार्बन अडकला हे मोजणार कोण आणि कसं. उत्तर गोलगोल आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

समुद्रात लोखंड टाकायची गोष्ट (लोखंडाने सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्या कार्बन घेऊन खोल बुडतात, अशी कल्पना) आपल्या लोकांनीच करून बघितलीय. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून दक्षिण महासागरात, पोलारस्टर्न जहाजावरून, ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोखंड सोडलं, नाव लोहाफेक्स. लोखंडाने सूक्ष्म वनस्पती वाढल्या, अगदी ठरल्यासारख्या, पण त्या भागात कवचाला लागणारी सिलिका कमी असल्याने जड कवचाच्या डायटम नावाच्या वनस्पती वाढल्याच नाहीत, बाकीच्या बारीक वनस्पती छोट्या प्राण्यांनी खाऊन टाकल्या आणि खोल समुद्रात फारसा कार्बन गेलाच नाही. मला हा प्रयोग आवडतो कारण निकाल मनासारखा न येता सरळ सांगितला गेला.

आपल्या जिल्ह्यात खरं बघण्यासारखं काही असेल तर ते साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आहे, ज्यावर कुणी बातमी करत नाही. इथेनॉल आंबवताना प्रत्येक लिटरमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो जवळजवळ शुद्ध असतो, मॅमथसारखे पंखे लावून हवेतून शोधायची गरज नाही. दिवसाला १ लाख लिटरची डिस्टिलरी म्हणजे ७५ टन. तो उसाने हवेतूनच घेतलेला, म्हणून गाडला तर खरोखर वजाबाकी. अर्थात गाडायचं कुठं हा प्रश्न आहेच, कोल्ड्रिंकमध्ये भरला तर ढेकरेतून परत हवेत. आणि ऊस उजनीचं किती पाणी पितो हे बोललो की भांडणं होतात, म्हणून सोडतो. पण माप लावायला ही जागा चांगली: जिथं कार्बन आधीच घट्ट आणि शुद्ध आहे तिथं पहिला हात घाला, हवेत दहा लाखात ४२० भाग असा पसरलेला शेवटी.

परवानगी कुणाची, हे विचारा

हा भाग लोक विसरतात. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना सूर्य झाकायच्या प्रयोगासाठी २०२१ मध्ये स्वीडनच्या किरुनाजवळून फक्त एक फुगा वर पाठवून उपकरणं तपासायची होती, काही सोडणारही नव्हते, तरी तिथल्या सामी या मूळ रहिवासी लोकांच्या परिषदेने विरोध केला, चाचणी थांबली आणि मार्च २०२४ मध्ये अख्खा प्रकल्पच बंद केला. उलट मेक सनसेट्स नावाच्या अमेरिकन स्टार्टअपने २०२२ मध्ये मेक्सिकोत कुणाला न विचारता सल्फरचे फुगे सोडले आणि "कूलिंग क्रेडिट" विकायला काढलं, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने बंदी जाहीर केली. २०१० मध्ये जपानमधल्या नागोयात जैवविविधता करारातल्या देशांनी मोठ्या प्रमाणावरचे असे उपक्रम पुरेशा शास्त्रीय आधाराशिवाय करू नयेत असं ठरवलंय, पण मोडलं तर दंड करणारं कुणी नाही. बातमी वाचताना बघा, ज्यांच्या डोक्यावर फवारणार त्यांना विचारल्याचा एक तरी शब्द आहे का.

आता गच्चीवर या

ऊन परतवायचा एकच प्रकार असा आहे जो कुणाच्या परवानगीशिवाय करता येतो आणि पटला नाही तर खरवडून काढता येतो, तो म्हणजे पांढरी गच्ची. याने जग थंड होत नाही, हे आधीच सांगतो. सोलापूर महापालिकेची हद्द सुमारे १८० चौरस किलोमीटर, पृथ्वी ५१ कोटी चौरस किलोमीटर, अख्खं शहर पांढरं केलं तरी हिशोबात दिसत नाही. पण तुमची वरची खोली थंड होते, साधारण २ ते ५ अंश, आणि मे महिन्यात रात्री झोप लागणं ही काय छोटी गोष्ट आहे का. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांवर पांढरी माती टाकायचे, ते उगीच नव्हतं.

काम मार्चच्या सुरुवातीला करा, ऊन चढायच्या आत. आधी गच्ची झाडून घासून धुवा, शेवाळ आणि धूळ राहिली तर थर पापुद्रे होऊन सुटतो. भेगा असतील तर क्रॅक फिलरने भरून दोन दिवस सोडा. स्लॅब असेल आणि बजेट कमी असेल तर चुना: चुना रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडं फेविकॉल किंवा पांढरं सिमेंट घाला म्हणजे हाताला लागत नाही. भिजवताना चष्मा आणि हातमोजे घालाच, चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो, लहान पोरांना लांब ठेवा. स्लॅब ओला करून संध्याकाळी पहिला हात मारा, दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा. भर उन्हात मारलेला चुना लगेच सुकून भुकटी होतो. पैसे असतील तर कूल रूफ पेंट घ्या, डब्यावर एसआरआय नावाचा (ऊन किती परतवतं त्याचा) आकडा असतो, १०० च्या वरचा घ्या, नुसता पांढरा ऑइलपेंट घेऊ नका, तो पिवळा पडतो.

पत्र्याचं घर असेल तर चुन्याच्या नादाला लागू नका, धरत नाही. गंज घासून काढा, प्रायमर मारा, मग कूल रूफ पेंट. फरक पत्र्याला सगळ्यात जास्त जाणवतो, यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून बघितलं तर समजेल.

खात्री करायची तर सोलापूर-प्रयोगाचीच पद्धत वापरा: आधी अर्धीच गच्ची रंगवा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजू मोजा, आठवडाभर, वहीत लिहा. चकचकीत कोऱ्या पत्र्यावर हे थर्मामीटर खोटं बोलतं, खूप कमी दाखवतं, तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर मोजा. खोलीत आत साधा थर्मामीटर रात्री दहाला बघा, कारण स्लॅब दिवसा खाल्लेली उष्णता रात्री सोडतो, खरा त्रास तेव्हाचा.

शेजारची इमारत उंच असेल तर त्यांच्या खिडकीत चमक जाते, आधी सांगून ठेवा. गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडून द्या. आणि आपल्याकडची धूळ काय ती तुम्हाला माहितीच आहे, दोन महिन्यांत पांढऱ्याचं करडं होतं, म्हणून एप्रिलच्या शेवटी एकदा झाडूने धूळ काढून फडक्याने पुसून घ्या, पाणी असेल त्या दिवशी धुवा. चुना दर वर्षी परत मारावा लागतो, पेंट तीन-चार वर्षं जातो.